टेबल सॉ: टॉप बिडाचा की ॲल्युमिनियमचा?

प्रश्न : घरामागे पत्र्याची शेड आहे. साग आणि बाभळीचे फर्निचर हौस म्हणून करतो. १० इंची पात्याचा टेबल सॉ (मेजातून गोल पाते वर येणारी करवत) घ्यायचा आहे. दुकानदार ॲल्युमिनियम टॉपचे हलके मशीन दाखवतो, ओळखीचे मिस्त्री म्हणतात बिडाचेच (ओतीव लोखंडाचे) घ्या. ग्रॅनाइटचेही ऐकले. काय घ्यावे? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : मशीन एकाच जागी राहणार असेल तर मिस्त्रींचे ऐका. बीड जड असते, मोटरची थरथर जिरवते आणि बाभळीची जाड फळी ढकलताना मशीन सरकत नाही. चुंबकाचा फेदरबोर्डही (फळी दाबून धरणारी दातेरी पट्टी) फक्त त्याच्यावरच बसतो. ग्रॅनाइट गंजत नाही, पण टॉपमधल्या खाचेची कड उडाली की दुरुस्ती अवघड. ॲल्युमिनियम घ्यावे ते रोज उचलून ठेवायचे असेल तरच. अशा मशीनला बहुधा कार्बन ब्रशची मोटर असते. आवाज फार, आणि जाड साग सलग फाडला की तापते.

टॉप कशाचाही असो, दुकानातच सपाटी तपासा. ३ फुटी पोलादी पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर उभ्या कडेने ठेवा. पात्याजवळ पट्टीखाली ०.२५ मिमीचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) शिरले, तर ते मशीन नको. टॉपला जोडलेले बाजूचे पंख वरखाली असतील तर काळजी नाही, पत्र्याची चकती घालून ते जुळवता येतात. फेन्स (फळी टेकवून सरळ ढकलायची आडपट्टी) मात्र हाताने हलवून बघाच. घट्ट केल्यावरही मागचे टोक हलत असेल तर बिडाच्या टॉपचा काही उपयोग नाही.

पात्यामागे रायव्हिंग नाइफ (चीर मिटू न देणारी पत्ती) नसलेले मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नका. बाभूळ फाडताना आतला ताण सुटतो, चीर मिटते, पाते चिमटले जाते आणि फळी उलटी अंगावर येते. फाडायला २४ दातांचे पाते, प्लायला ६० दातांचे.

आता विजेचे. व्होल्टेज २३० वरून १८० वर आले की इंडक्शन मोटरची (जड मशीनची बिनब्रशची मोटर) ओढ साठ टक्क्यांवर येते आणि ती तापू लागते. गावाच्या कडेला हे नेहमीचेच. २ एचपीला १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर द्या. बारीक, लांब एक्स्टेन्शन नको.

प्रश्न : बिडाच्या टॉपवर तळहाताचे तांबूस ठसे आणि काळे डाग पडलेत. – एक वाचक, शिरपूर

उत्तर : ठसे घामाचे. काळे डाग ओल्या भुशाचे. बाभळीतले टॅनिन लोखंडाला लागले की असे होते. रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावून ४०० नंबरच्या पाणकागदाने एकाच दिशेने हलके घासा, कोरडे पुसा आणि पेस्ट व्हॅक्स (घट्ट मेण) चोळा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. पावसाळ्यात काम संपले की भुसा झाडून घ्या, व्हॅक्स महिन्याला एकदा. टॉपवर प्लास्टिक झाकू नका, खाली दमट हवा कोंडते.