पोरगं गिऱ्हाईक का माल?

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूचं ओतकाम होतं तिथं, क्वालिटी बघतो. गावाजवळच्या कॉलेजनं मला आयक्यूएसीवर, म्हणजे कॉलेजची क्वालिटी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर, उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून घेतलंय. पहिल्याच मीटिंगला मी टीक्यूएम, पीडीसीए, फिशबोन असं कारखान्यातल्या क्वालिटीच्या पद्धतींचं काय काय बोलून गेलो, तर एक सर म्हणाले, "पोरं म्हणजे कास्टिंग, साच्यात ओतलेला माल, नव्हं साहेब." दुसरे म्हणाले विद्यार्थी हाच ग्राहक. आता मला कळंना नक्की काय धरायचं. आमच्या पद्धती कॉलेजात चालतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चालतात की. पोरं कास्टिंग नाहीत हे सरांचं खरंच आहे, पण त्याच पोराला बोनाफाईडसाठी जे हेलपाटे घालावे लागतात ती तर प्रोसेसच आहे ना? जतहून एसटीनं आलेलं पोरगं खिडकीवर अर्ज देतं, क्लार्क म्हणतो उद्या या, उद्या प्राचार्य विद्यापीठात मीटिंगला कोल्हापूरला गेलेले, परवा सही झालेली पण शिक्का असलेलं कपाट बंद, आणि तोवर स्कॉलरशिपच्या फॉर्मची तारीख निघून जाते. यात क्लार्क वाईट नाही ओ, वाट वाकडी आहे. अर्जावर येतानाची आणि जातानाची वेळ टाकायला लावा आणि महिन्याभरानं बघा कुठल्या टेबलावर किती वेळ तो नुसता पडून राहिला. तुम्ही शॉपफ्लोअरवर हेच करता, इथं फक्त कुणी केलेलं नसतं.

आता गिऱ्हाईक का माल. माझ्या मते खिडकीवर, लायब्ररीत, हॉस्टेलच्या मेसमध्ये पोरगं शंभर टक्के गिऱ्हाईक, तिथं त्याला ताटकळत ठेवायचं काही कारण नाही. वर्गात मात्र ते चालत नाही, कारण तिथं निम्मं काम त्याला स्वतःलाच करायचं असतं आणि फी भरली म्हणून पास करा असं म्हणता येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयतमध्ये 'कमवा आणि शिका' होतं, अजून आहे, पोरं काम करून शिकायची. तसं बघितलं तर वर्गातलं पोरगं म्हणजे त्याच कामावरचा कामगार, आणि सर हे सुपरवायझर धरा हवं तर. सरांना हे ऐकून राग येईल, येऊदे.

डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं १९५० साली जपानला जाऊन तिथल्या इंजिनियरांना आणि कंपन्यांच्या मोठ्या साहेबांना संख्याशास्त्रावर आधारलेली क्वालिटी शिकवली हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्याच्या चौदा मुद्द्यांतला तिसरा कॉलेजवाल्यांना जरूर वाचून दाखवा, शेवटच्या तपासणीवर विसंबू नका म्हणून. आपल्याकडं सगळी भिस्त सेमिस्टरच्या परीक्षेवर. पोरगं नापास झालं हे कळतं कधी, तर पुढचं सेमिस्टर निम्मं झाल्यावर, मग एटीकेटी, मग रिव्हॅल्युएशनचे फॉर्म. तुमच्याकडं ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमध्ये गॅसनं पडलेलं भोक, मशीनिंगला सापडला की तुम्ही वाळूतला ओलावा, गॅस, मेटलचं टेंपरेचर मागं मागं जाऊन बघता का नाही? तसं पहिल्या वर्षाच्या गणिताच्या पहिल्या युनिट टेस्टचे पेपर घ्या आणि कुठला प्रश्न किती जणांनी कोरा सोडलाय तेवढंच मोजा, मार्कांकडं बघूच नका. पॅरेटो काढला, म्हणजे जास्त कोरे सुटलेले आधी असं उतरत्या क्रमानं मांडलं, की बहुतेक वेळा दोन-तीन टॉपिकच वर येतील आणि त्यातला एखादा हमखास अकरावी-बारावीचा निघंल. त्यावर आठवडाभर जादा तास घ्या, पुढच्या टेस्टला परत मोजा. हेच पीडीसीए, म्हणजे ठरवा, करा, तपासा, सुधारा. आणि पेपर तपासून पोरांच्या हातात आठ दिवसांत परत गेला पाहिजे, महिन्यानं मिळालेल्या पेपरचं पोरगं काय करणार, पुडी बांधणार.

नुसत्या गप्पा म्हणून कुणी उडवून लावलं तर सांगा, अमेरिकेत बाल्ड्रिज नावाचं क्वालिटीचं सरकारी अवॉर्ड आहे, १९८७ साली कायदा करून काढलेलं. पुढं त्यात शिक्षणाचा गट आला आणि २००१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्टाउट कॅम्पसनं ते घेतलं. म्हणजे कॉलेजवाल्यांनी हे आधी केलेलं आहे.

एक मात्र करा, सगळं एकदम काढू नका. फाईव्ह एस, सिक्स सिग्मा, कायझेन असे क्वालिटीच्या पद्धतींचे बोर्ड रंगवायला लोक लगेच तयार होतात आणि बोर्ड वाळायच्या आत काम थांबतं.

प्रश्न : मी कराडला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. आमच्याकडं विद्यार्थ्यांच्या फीडबॅक फॉर्मवरून शिक्षकांचे नंबर लावतात आणि रिझल्ट दोन-चार टक्क्यांनी जरी घसरला तरी लेखी खुलासा मागतात. याला क्वालिटी म्हणतात. भीतीपोटी सगळेच इंटर्नलला सढळ हातानं मार्क देतात. हे बरोबर आहे का?
– एक प्राध्यापिका

उत्तर : नाही मॅडम. आणि हे ज्या डेमिंगच्या नावावर खपवतात त्याचाच आठवा मुद्दा आहे, भीती घालवा. माणसांना वर्षाला नंबर लावायच्या पद्धतीच्या तर तो उघड विरोधात होता. भीती असली की आकडे सुधारतात, काम तसंच राहतं, तुमच्या इंटर्नलच्या मार्कांचं तेच झालंय.

रिझल्टचं म्हणाल तर वर-खाली होणं हे असतंच. शूहार्ट या अमेरिकन संशोधकानं १९२४ साली बेल या टेलिफोन कंपनीत कंट्रोल चार्ट काढला तो यासाठीच, नेहमीची हालचाल कुठली आणि खरंच काहीतरी बिघडलंय कुठलं हे वेगळं कळावं म्हणून. मागच्या आठ-दहा सेमिस्टरचे रिझल्ट एका कागदावर मांडा, सरासरीची रेघ मारा, वरची-खालची मर्यादा काढा. स्टॅटिस्टिक्सच्या सरांना विचारलं तर तासाभराचं काम आहे. घसरण त्या रेघांच्या आत असली तर खुलासा कसला मागता? आणि बाहेर गेली असली तरी आधी पेपर बदलला का, सिलॅबस बदलला का, सेमिस्टरमध्ये तास किती झाले हे बघायचं, माणूस शेवटी. सीएचबीची नेमणूकच उशिरा झाली असंल तर तो दोष शिक्षकाचा कसा?

फीडबॅक जरूर घ्या पण सेमिस्टरच्या मध्ये, बिननावाचा, आणि तो फक्त शिकवणाऱ्यानं वाचायचा. काय समजलं नाही आणि काय बदलू, एवढं दोनच विचारा. सेमिस्टर संपल्यावर घेतलेल्या फीडबॅकचा उपयोग फाईल जाड करायला.

प्रश्न : साताऱ्यात मुलीच्या ॲडमिशनसाठी फिरतोय. एका कॉलेजच्या गेटवर आयएसओ ९००१ चा बोर्ड आहे, दुसऱ्यावर नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, ग्रेड. कुठलं बघावं?
– एक पालक

उत्तर : आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, नोंदी आहेत का, ठरल्याप्रमाणं होतं का वगैरे. शिकवणं चांगलं आहे याची ती हमी नव्हे. नॅकची ग्रेड निदान शिकवणं, संशोधन, लायब्ररी, विद्यार्थ्यांना मदत अशा सात निकषांवर बघून दिलेली असते, त्यात ४ पैकी ३.५१ किंवा त्याच्या वर मिळालेल्यांना ए प्लस प्लस. पण ग्रेड कधीची आहे ते बघा, मुदत संपलेली ग्रेडसुद्धा गेटवर तशीच लटकत असते. बऱ्याच कॉलेजांच्या वेबसाईटवर एक्यूएआर नावाचा वर्षाचा अहवाल असतो, तो उघडून कायमचे शिक्षक किती आणि मंजूर जागा किती हे शोधा. आणि दुपारी कॅन्टीनला बसून दुसऱ्या वर्षाच्या दोन-चार पोरींना विचारा, तास होतात का म्हणून.