दुखऱ्या खांद्याच्या दादाला टीममध्ये ठेवायचं का?

प्रश्न : सर, आम्ही टिळकवाडीतली पोरं, रविवारी व्हॅक्सिन डेपोवर बेसबॉल खेळतोय, बरेचजण कॉलेजच्या टीममधून बाहेर पडलेले. आमचा मेन पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा गडी, चाळिशीला टेकलाय, गेल्या सीझनपासून खांदा दुखूलालाय, एक मॅच टाकली की पुढची मॅच बाहेरच. निम्मी पोरं म्हणूलालीत दादाला आता बसवूया, निम्मी म्हणतात टीम त्यानंच उभी केली, त्याला कसं काढायचं. सकाळी मोबाईलवर अमेरिकेतल्या मॅच बघतोय, तिथं पण लॉस एंजेलिसच्या डॉजर्स टीमनी त्यांच्या पिचर कर्शॉला शेवटपर्यंत ठेवलाच की. काय करावं सांगा.
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ठेवा. पण मेन पिचर म्हणून नको, आणि "जमंल तेवढं खेळ दादा" असं मोघम तर अजिबात नको. एका सीझनपुरतं आणि काम ठरवून ठेवा.

कर्शॉचं नाव तुम्हीच काढलंय तर तेच नीट बघूया. नोव्हेंबर २०२३ ला त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, २०२४ ला जुलैत परत आला आणि सातच मॅच टाकून पुन्हा बाहेर, वर्ष संपता संपता पायाचा अंगठा आणि गुडघा अशी अजून दोन ऑपरेशनं. वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरला देतात तो साय यंग अवॉर्ड तीनदा घेतलेला माणूस, २००८ पासून एकाच टीममध्ये, तरी डॉजर्सनी २०२५ साठी एकाच वर्षाचा करार केला, ७५ लाख डॉलर पक्के आणि वरचे पैसे तो किती मॅच टाकतोय, किती दिवस फिट राहतोय त्यावर. म्हणजे मान ठेवला पण डोळे झाकले नाहीत, मला हे फार पटतं. फास्टबॉल ताशी ९० मैलाच्या खाली उतरला होता तरी ३७ व्या वर्षी गड्यानं ११ जिंकल्या, २ हरल्या, २ जुलैला ३००० वा स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बॅटरला आऊट करणं) घेतला आणि सप्टेंबरमध्ये स्वतःच थांबतो म्हणून सांगितलं. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजची, म्हणजे तिथल्या फायनलची, तिसरी मॅच १८ इनिंगपर्यंत गेली बघा, त्यात बाराव्या इनिंगला तिन्ही बेसवर समोरच्या टीमचे रनर उभे, दोन आऊट, तेव्हा याला आणलं, एकच बॅटर, एकच आऊट, काम झालं. त्याच्यावर सगळा सीझन टाकला नव्हता म्हणून तो त्या एका बॅटरला उरला.

उलटं उदाहरण एंजल्स या तिथल्याच दुसऱ्या टीमचं. बॅटर आल्बर्ट पूहोल्सला २०१२ पासून दहा वर्षांचे २४ कोटी डॉलर, तेही बत्तिशीच्या माणसाला. पुढं पायाच्या दुखण्यानं पळणं गेलं, पण पैसे एवढे अडकलेले की खेळवल्याशिवाय इलाज नाही, आणि शेवटी मे २०२१ ला भर सीझनमध्ये सोडून दिलं. तोच पूहोल्स २०२२ ला सेंट लुईसच्या आपल्या जुन्या टीममध्ये एका वर्षासाठी २५ लाखांवर आला, जास्त करून डावखुऱ्या पिचरसमोर उतरवला आणि २४ होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर) मारून एकूण ७०३ होमरनवर थांबला. माणूस म्हातारा झालेलाच होता, फक्त त्याला झेपेल तेवढंच काम दिलं.

आता तुमचा दादा. आधी खांदा ऑर्थोपेडिकला दाखवा, बाम लावून सीझन काढू नका. कोपराचं लिगामेंट गेलं तर त्याला ठरलेलं ऑपरेशन आहे, फ्रँक जोब डॉक्टरनी १९७४ ला टॉमी जॉन या पिचरवर पहिलं केलं आणि त्यानंतर जॉन १९८९ पर्यंत खेळला. जस्टिन वर्लँडर या पिचरनं तर त्याच ऑपरेशननंतर ३९ व्या वर्षी साय यंग नेला. खांद्याचं तसं नसतं हो, खांदा गेलेला पिचर पहिल्यासारखा परत येईल याची खात्री कोण देत नाही. मैदानावर पण नीट बघा. बॉल टाकून झाल्यावर हात झटकतोय का, तिसऱ्या-चौथ्या इनिंगला कोपर खाली पडून बॉल कॅचरच्या डोक्यावरनं जातोय का, डगआऊटमध्ये, म्हणजे टीम बसते तिथं, येऊन पाण्याची बाटली डाव्या हातानं उचलतोय का. तोंडानं तो "काय नाही, बरंय" म्हणणार, हात खरं सांगतो.

डॉक्टर हो म्हणाले तर शेवटची एखादी इनिंग द्या, नाहीतर फर्स्ट बेसला उभा करा, तिथं कॅच जास्त आणि थ्रो कमी. आणि जे पोरगं दोन सीझन बेंचवर बसून बॉल घासतंय त्याला सुरुवातीपासून टाकू द्या, तो कंटाळून टेनिस बॉल क्रिकेटकडं गेला तर परत येत नाही. आपल्याकडं तालमीत जुना पैलवान लांग चढवत नाही, तरी वस्ताद म्हणून शब्द त्याचाच चालतो, तसा दादाचा शब्द चालू दे. मात्र हे त्याला सीझनच्या आधी, दोघातिघांनी घरी जाऊन, चहा घेत तोंडावर सांगा. ग्रुपवर मेसेज टाकून कळवू नका, ज्यानं टीम उभी केली त्याला ते फार लागतं.

प्रश्न : अमेरिकेत जखमी खेळाडूची जागा अडून राहते काय? आणि पगार?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : जागा अडत नाही. खेळायला उतरणाऱ्या टीमची यादी २६ जणांची, बॅटर दुखावला तर कमीत कमी १० दिवस, पिचर असला तर १५ दिवस जखमींच्या यादीत टाकतात आणि बदली खेळाडू घेतात. दुखणं मोठं असलं तर ६० दिवसांची यादी आहे, मग ४० जणांच्या मोठ्या यादीतली जागा पण मोकळी होते. पगार मात्र चालूच, करारात लिहिलेला पैसा द्यावाच लागतो. टेक्सास रेंजर्स टीमनी पिचर जेकब डिग्रॉमला पाच वर्षांचे साडेअठरा कोटी डॉलर कबूल केले, पहिल्याच वर्षी, २०२३ ला, सहा मॅच टाकून कोपराचं ऑपरेशन. त्या वर्षी रेंजर्स त्याच्याशिवाय वर्ल्ड सिरीज जिंकले, आणि २०२५ ला तोच माणूस ३० मॅचमध्ये सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला.