निसर्गाच्या नावानं मागितलेली सूट

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. ज्या मित्राशी तुझं लग्न ठरत आलंय, तो म्हणतो, की आयुष्यभर एकाच माणसाशी एकनिष्ठ राहणं माणसाच्या निसर्गातच नाही, विज्ञानानं हे सिद्ध केलंय, तेव्हा लग्नानंतर आपण एकमेकांना मोकळीक ठेवू. आणि तू मला विचारतेस, "बाई, हे खरं आहे का?" तू माझ्या वर्गात प्राणिशास्त्र शिकलीस, म्हणून आधी शास्त्राचंच सांगते. पण त्याचा दावा वेगळा आणि त्याची मागणी वेगळी, हे वाचताना धरून ठेव.

दाव्यात तथ्य आहे. सस्तन प्राण्यांत जोडीनं राहणाऱ्या जाती दहा टक्केही भरत नाहीत. पक्ष्यांत चित्र उलटं, सुमारे नव्वद टक्के जाती जोडीनं पिल्लं वाढवतात. म्हणून तर आपण निष्ठेचे दाखले पक्ष्यांचे देतो. पण १९८० च्या दशकात डीएनएवरून पितृत्व तपासता येऊ लागलं आणि जोडीनं राहणाऱ्या बहुसंख्य जातींच्या घरट्यांत दुसऱ्या नराची पिल्लंही सापडू लागली. सोबत राहणं आणि शरीरानं एकनिष्ठ असणं या दोन गोष्टी निसर्गात बऱ्याचदा वेगवेगळ्या चालतात.

आपल्याकडचेच पक्षी घे. सुगरण पक्ष्याचं वागणं सलीम अलींनी अलिबागजवळ किहीमला बसून पाहिलं आणि १९३१ मध्ये त्यावर लिहिलं. खोपा नर विणतो. अर्धवट विणलेल्या खोप्याची मादी पाहणी करते, पसंत पडला तर तिथे राहते, आणि नर तो पुरा करून पुढचा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. तळ्यातल्या कमळपक्ष्यात सगळं उलटं: मादी एकामागून एक नरांसाठी अंडी घालते, उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. आणि कोकणातल्या देवरायांमधला धनेश आठव. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि आठवडेच्या आठवडे नर तिला फळं भरवत राहतो. तो आला नाही तर ती आणि पिल्लं उपाशी. यातलं नैसर्गिक कुठलं? तिन्ही. पिल्लू वाढवायला किती जणांचे कष्ट लागतात आणि अन्न कसं विखुरलेलं आहे, यावर बरंचसं ठरतं.

आता माणूस. गोरिलाचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असतो, कारण माद्यांचा कळप राखायला त्याला इतर नरांशी झुंजावं लागतं. माणसात पुरुष सरासरी पंधरा-वीस टक्केच जड. चिंपांझीच्या माद्या अनेक नरांशी संग करतात, म्हणून नरांची स्पर्धा शुक्राणूंच्या पातळीवर चालते आणि त्यांची वृषणं माणसाच्या दोन-तीन पट मोठी असतात. आपलं शरीर या दोघांच्या मधलं आहे. शरीरावरून एवढंच म्हणता येतं, की आपण ना जनानखाना राखणारे प्राणी, ना चिंपांझीसारखे. शिवाय माणसाचं मूल वर्षानुवर्षं परावलंबी असतं. बाप लागतो, आजी लागते, मावशी लागते. जोडी टिकवणारी ओढ आपल्यात आहेच. आणि जोडीत असतानाही तिसऱ्याकडे मन जाणं, तेही आहे. मत्सरही तितकाच नैसर्गिक आहे, हे मात्र असे युक्तिवाद करणारे सहसा सांगत नाहीत.

समाजांकडे पाहिलंस तर गोंधळ आणखी वाढेल. मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांच्या सूचीत बाराशेच्या वर समाज आहेत आणि त्यांतल्या सुमारे ८५ टक्के समाजांत पुरुषाला एकाहून अधिक बायका करायची मुभा होती. हा आकडा तुला ऐकवला गेलाच असेल. पण मुभा असलेल्या समाजांतही बहुतेक पुरुषांना एकच बायको असे. अनेक बायका म्हणजे सत्ता आणि संपत्ती. हिमाचलातल्या किन्नौरमध्ये नेमकं उलटं, भावांनी मिळून एक बायको करायची प्रथा होती, कारण डोंगरउतारावरची तुटपुंजी जमीन वाटली गेली तर कोणाचंच पोट भरणार नाही. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर, लांबून पाणी वाहून आणायला पुरुषांनी दुसरी, तिसरी बायको केल्याचं दहाएक वर्षांपूर्वी जगभर छापून आलं. मला ती बातमी विसरता येत नाही. त्या बायकांच्या डोक्यावरच्या हंड्यांकडे बघून कोणी म्हणेल का, की हा पुरुषाचा निसर्ग आहे?

यापुढचं नीट वाच, कारण मला खरं म्हणायचंय ते इथं आहे.

महाभारताच्या आदिपर्वात श्वेतकेतूची कथा येते. त्याच्या आईचा हात धरून एक परका ब्राह्मण तिला घेऊन जातो. मुलगा संतापतो, तर बाप उद्दालक म्हणतो, रागावू नकोस, हाच सनातन धर्म आहे, स्त्रिया बंधनात नसतात. श्वेतकेतूला ते मान्य होत नाही आणि तो मर्यादा घालून देतो, स्त्रीला घालतो तशी निष्ठावान पत्नी सोडून जाणाऱ्या पुरुषालाही. एकनिष्ठा निसर्गानं दिलेली नाही, माणसांनी ठरवलेली आहे, हे आपल्या परंपरेला केव्हाच ठाऊक होतं. पण ही कथा कोण कोणाला सांगतो ते बघ. पंडू कुंतीला सांगतो. ती नको म्हणते आहे, त्याला तिच्याकडून दुसऱ्या पुरुषापासून मूल हवं आहे, आणि तिला वळवायला तो पूर्वीचा काळ काढून दाखवतो. तेव्हा धर्माचा दाखला होता, आज तुला उत्क्रांतीचा मिळतोय.

आणि हा दाखला आजवर एकाच बाजूनं वापरला गेला. आपल्याकडे पुरुषानं दुसरं लग्न करणं शतकानुशतकं रीतसर होतं. गोव्यात १८८० च्या पोर्तुगीज संहितेनं हिंदू पुरुषाला ती सवलत लेखी दिली होती: बायकोला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नाही, किंवा तिसाव्यापर्यंत मुलगा नाही, तर दुसरी करता येईल. मुंबई प्रांतात द्विभार्याबंदीचा कायदा १९४६ मध्ये झाला. त्याला आव्हान दिलं गेलं, १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो उचलून धरला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ती बंदी देशभर नेली. माणसाचा निसर्ग या नऊ वर्षांत बदलला नव्हता. सवतीच्या घरात आयुष्य काढणाऱ्या बायकांचं दुःख तेवढं अखेर मोजलं गेलं. हे कायदे मी फार मोलाचे मानते.

मोकळीक मागणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक स्वातंत्र्याची बाजू लावून धरली, त्यासाठी खटले सोसले. पण त्यांनी ती स्त्रीसाठीही तेवढ्याच ठामपणे मांडली. तुझ्या मित्राची मोकळीक त्या जातीची आहे का, हे त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही.

तेव्हा विचार. तू रात्री दुसऱ्या कोणाकडे राहिलीस तर त्याला चालेल का, आणि हे तो स्वतःच्या आईवडिलांसमोर मान्य करेल का? मूल झाल्यावर, तू घरात अडकलेली असताना, ही मोकळीक कोणाच्या वाट्याला येईल? तुला नको असेल तर तो हे सोडून द्यायला तयार आहे, की तुझा होकार मिळेपर्यंत लेख पाठवत राहणार आहे? तो ठरलेल्या गोष्टीची फक्त माहिती देत असेल, तर ती संमती नव्हे. उत्तरं प्रामाणिक आली आणि तुलाही मनापासून तसंच हवं असेल, तर तो तुम्हा दोघांचा निर्णय, मी आड येणार नाही. पण तू लिहिलंस, "मला ऐकूनच पोटात गोळा आला, पण मी मागासलेली तर नाही ना?" नाहीस. एकाच माणसासोबत राहावंसं वाटणं हीही माणसाचीच ओढ आहे, आणि ते हवं असण्यासाठी तुला धनेशाचा पुरावा द्यावा लागत नाही.

हे बोलणं फोनवर उरकू नकोस. साखरपुड्याची तारीख घरच्यांनी धरली असली तरी ती पुढे ढकलता येते, आईला मी समजावीन. तो तयार असेल तर दोघं माझ्याकडे या. त्याचं म्हणणंही मला ऐकायचं आहे, आणि त्यानं कुठले लेख वाचलेत तेही बघायचं आहे.

तुझी,
बाई