शांघायला चार दिवस जातोयस? मग हे आधी कर

अरे बिनधास्त जा, सिंगापूरहून पाच-साडेपाच तासांची तर फ्लाइट, फक्त व्हिसाचं आधी बघ, पासपोर्ट भारतीय आहे ना, मग इथला वर्क पास तिकडे कामाचा नाही. 1 ऑक्टोबरच्या आठवड्यात मात्र अजिबात नको, अख्खा चीन सुट्टीवर असतो, बंडवर (नदीकाठचा फिरायचा रस्ता) मुंगी शिरायला जागा नसते. अलीपे, म्हणजे तिकडचं पैसे भरायचं ॲप, इथूनच फोनवर टाक आणि कार्ड जोडून ठेव. मी 'तिकडे गेल्यावर बघू' म्हणत गेलो आणि पहिल्याच रात्री नूडल्सवाल्या काकूंपुढे शंभर युआनची नोट धरून उभा, त्यांच्याकडे सुट्टे नाहीत, मागे लाइन वाढतेय, शेवटी मागच्या पोराने स्वतःच्या फोनवरून भरले आणि माझ्याकडून काही घेतलं पण नाही. गूगल, व्हॉट्सॲप तिथल्या वायफायवर चालत नाही, इथलंच सिम रोमिंगवर ठेव, त्यावर चालतं. पुडोंग एअरपोर्टवरून मॅग्लेव, म्हणजे चुंबकावर धावणारी ट्रेन, एकदा घेच, 30 किमी आठेक मिनिटांत, पण ती लोंगयांग रोड स्टेशनलाच सोडते, पुढे मेट्रो. व्हेज असशील तर 'वो चृ सू' (मी शाकाहारी आहे) पाठ कर, तरी वांग्याच्या भाजीत खिमा निघतो कधीकधी, त्यांच्या लेखी ते मांसात धरतच नाहीत बहुतेक.