सिप्रो टायफॉइडवर का चालेनाशी झाली?

प्रश्न : पूर्वी टायफॉइडला सिप्रोफ्लॉक्सॅसिन हमखास देत. आता डॉक्टर टाळतात, ते का?

उत्तर : जिवाणूतलं डीएनए गायरेज हे एन्झाइम डीएनएचा पीळ सोडवताना दोन्ही धागे कापतं आणि पुन्हा सांधतं. सिप्रो नेमकी त्या मधल्या क्षणी अडकून बसते. धागे कापलेलेच राहतात, जिवाणू मरतो. पण गायरेजमधलं ८३ व्या जागेवरचं सेरिन हे अमिनो आम्ल बदललं की औषधाची पकड ढिली पडते. टायफॉइडच्या जिवाणूत हा बदल आपल्याकडे सर्रास आढळतो. असे जिवाणू जुन्या रिपोर्टमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ ठरत, कारण वाढ थांबवायला मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमपर्यंत औषध लागलं तरी चालेल, अशी मर्यादा होती. रुग्णाचा ताप मात्र उतरत नसे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेने ती ०.०६ वर आणली. म्हणून अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधीच ब्लड कल्चरला, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून पाहणाऱ्या तपासणीला, रक्त द्या, मोठ्या माणसाचं ८ ते १० मिलिलिटर. नुसत्या विडालवर, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं पाहणाऱ्या चाचणीवर, विसंबू नका.

प्रश्न : सिप्रोने गुण आला नाही, तर ऑफ्लॉक्स घेऊन पाहावी का?

उत्तर : नको. दोघी एकाच घरातल्या. १९६२ मध्ये जॉर्ज लेशर यांच्या गटाने क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या उपपदार्थावरून या घरातलं पहिलं औषध, नॅलिडिक्सिक ॲसिड, काढलं. त्याचा उपयोग मुख्यतः लघवीच्या संसर्गापुरता. पुढे त्या सांगाड्यात ६ व्या जागी फ्लोरीन, ७ व्या जागी पिपरॅझिन बसवून नॉरफ्लॉक्सॅसिन आलं, मग सिप्रो. ताकद वाढली, वार मात्र त्याच जागी. त्यामुळे गायरेज बदललं की बहुधा सगळ्याच बोथट होतात.

प्रश्न : पित्त होतं म्हणून गोळी दुधाबरोबर घेतली तर?

उत्तर : दुधातलं कॅल्शियम गोळीला आतड्यातच बांधून ठेवतं, रक्तात औषध कमी पोचतं. अँटासिड, लोह आणि झिंकनेही हेच होतं. सिप्रो या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. अपुऱ्या मात्रेत आधीच थोडे बदललेले जिवाणू तगतात.

प्रश्न : तीन आठवडे खोकला आहे. दुकानदार लिव्होफ्लॉक्सॅसिन देतो म्हणतो.

उत्तर : कृपा करून घेऊ नका. लिव्हो ही सिप्रोच्याच घरातली, ती क्षयाच्या जंतूवरही चालते. थोडे दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि जंतू या औषधाला सरावतो. रिफॅम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला न जुमानणाऱ्या क्षयात हाच सिप्रो-लिव्होचा गट मोठा आधार आहे. तोही निकामी झाला, तर २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना त्या क्षयाला ‘प्री-एक्सडीआर’, म्हणजे बहुतेक औषधांना न जुमानण्याच्या अलीकडची पायरी, म्हणते. आधी सरकारी केंद्रात थुंकीची तपासणी करा, ती मोफत होते. गोळ्या आधीच सुरू केल्या असतील आणि टाचेमागची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर) दुखू लागली असेल, तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. या औषधांमुळे ती तुटू शकते.