पहिलीसाठी शाळा बघताय? आधी दुसरीच्या वह्या बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलीला येत्या ४ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण होतील. चाकणला भाड्याच्या घरात राहता, मिस्टरांची कंपनीत शिफ्ट ड्युटी. जूनला पहिलीत घालायचं म्हणून तीन शाळा पाहिल्यात: घरामागची जिल्हा परिषदेची, बाजारपेठेतली अनुदानित मराठी आणि हायवेलगतची ‘सीबीएसई पॅटर्न’वाली इंग्रजी. त्या तिसऱ्या शाळेने मुलीची मुलाखत घेतली, आणि सासरकडच्यांना तीच पसंत आहे. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या २५ टक्के मोफत जागांचा अर्ज भरावा का, हेही विचारलंय.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेत होते, त्यातली शेवटची ८ केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी. माझ्या केंद्रात सरकारी आणि खासगी अशा दोन्ही शाळा होत्या. त्यामुळे जे लिहितेय ते वर्गात बसून पाहिलेलं आहे. उत्तर लांबेल, पण हा निर्णय घाईचा नाही.

आधी वयाचं. आपल्या राज्यात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे तुमची मुलगी २७ दिवसांनी का होईना, नियमात बसते. (केंद्रीय विद्यालयात हीच तारीख ३१ मार्च धरतात, तिथे ती बसली नसती.) पण जूनमध्ये ती साडेपाचची असेल आणि शेजारी साडेसहाची मुलगी बसलेली असेल. या वयात एका वर्षाचा फरक फार मोठा असतो. डिसेंबरची मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. चार ओळी लिहून झाल्या की बोटं दुखतात म्हणून पेन्सिल खाली ठेवतात, आणि दिवाळीपर्यंत त्यांच्यावर ‘कच्चं मूल’ असा शिक्का बसलेला असतो. मूल कच्चं नसतं हो, लहान असतं. तुमची मुलगी गोष्ट शेवटपर्यंत ऐकून आपल्या शब्दांत परत सांगत असेल, आपलं आपण बाथरूमला जात असेल, तर खुशाल घाला. नाहीतर आणखी एक वर्ष बालवाडीत राहू द्या. ‘वर्ष वाया गेलं’ म्हणणारे भेटतील, त्यांचं मनावर घेऊ नका.

आता ती मुलाखत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, आणि त्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची कसलीही चाचणी घेता येत नाही. पहिल्यांदा २५ हजार आणि पुढे दर वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. शाळा त्याला ‘इंटरॅक्शन’ म्हणो की ‘गप्पा’, रंग ओळख, ए टू झेड म्हण, हे विचारून प्रवेश ठरत असेल तर ती चाचणीच. साडेपाच वर्षांच्या लेकराला टेबलापलीकडे बसवून पास-नापास करणाऱ्या शाळेबद्दल माझं मत पहिल्याच दिवशी खाली येतं.

‘सीबीएसई पॅटर्न’ या शब्दाशी जरा थांबा. पॅटर्न म्हणजे संलग्नता, म्हणजे मंडळाशी अधिकृत जोडणी, नव्हे. राज्य मंडळाची परवानगी घेऊन दिल्लीची पुस्तकं लावली तरी फलकावर ‘पॅटर्न’ लिहिता येतं. ऑफिसात सरळ मागा: संलग्नता क्रमांक काय, शासनाचा मान्यता आदेश कुठे आहे, आरटीई मान्यतेचा नमुना २ (मान्यतेचं प्रमाणपत्र) कोणत्या वर्षापर्यंतचा आहे, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) काय. यू-डायस ११ आकडी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. तो ‘नो युवर स्कूल’ या सरकारी संकेतस्थळावर टाकला की शाळा कोणत्या मंडळाची, कितवीपर्यंत, शिक्षक किती, सगळं दिसतं. संलग्नता क्रमांक सीबीएसईच्या साइटवर ताडून घ्या. आमच्या भागात एका शाळेची परवानगी फक्त चौथीपर्यंत होती आणि बाहेर फलक दहावीपर्यंतचा. पाचवीला गेलेल्या मुलांचे दाखले काढायची वेळ आली तेव्हा पालकांना कळलं. पंचायत समितीत माझ्यासमोर उभी राहून एक आई रडत होती, ‘मॅडम, तीन वर्षांची फी भरली हो.’ शिक्षण विभाग दर वर्षी अनधिकृत शाळांची यादी काढतो, ती गटशिक्षणाधिकारी कार्यालयात बघायला मिळते.

फीबद्दल एवढंच. २०११ चा शुल्क नियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे फी मंजूर व्हावी लागते आणि ती दोन वर्षं बदलता येत नाही. त्या मंजुरीचा कागद मागा. आणि फीबरोबर पुस्तकांचा संच, गणवेश, बस, स्नेहसंमेलन धरून वर्षाचा आकडा काढा.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे गुणवत्ता. मी शाळाभेटीला गेले की ऑफिसात चहाला बसायच्या आधी दुसरीच्या वर्गात जायची. पहिलीत अजून सगळं कोवळं असतं आणि चौथीपर्यंत मुलं परीक्षेला सरावलेली असतात. दुसरीत शाळेने काय केलं ते उघडं दिसतं. तिथे मी वह्या मागायची.

एकाच आठवड्यातल्या दोन भेटी सांगते. पहिली शाळा नावाजलेली, सुबक बाकं, भिंती रंगवलेल्या. ३८ वह्या पाहिल्या. ‘माझी शाळा’ निबंध, प्रत्येक वहीत तीच सात वाक्यं, टपोरं अक्षर, खाली लाल टिक. तिसरं वाक्य होतं, ‘शाळेला मोठे मैदाण आहे.’ ३८ वह्यांत ‘मैदाण’. बाईंनी घाईत फळ्यावर ‘ण’ लिहिला असणार, तो तसाच उतरला आणि तसाच तपासलाही गेला. त्या वर्गात कुणी काहीच लिहिलं नव्हतं, सगळ्यांनी उतरवलं होतं.

दुसरी शाळा डोंगराकडेची, द्विशिक्षकी, पट २३, पहिली-दुसरी एकत्र बसलेली. एका वहीत पेन्सिलीने, ओळ वर-खाली होत लिहिलं होतं: ‘काल आमची गाय याली. बाबा रात्रभर गोट्यात होते. मला झोप आली नाय.’ गुरुजींनी काही खोडलं नव्हतं. ‘व्याली’ आणि ‘गोठ्यात’ एवढे दोन शब्द समासात लिहून दाखवले होते आणि खाली विचारलं होतं, ‘वासराचं नाव काय ठेवलं?’ त्याखाली दुसऱ्या दिवशीचं उत्तर: ‘सोन्या.’ ती वही मी किती तरी वेळ हातात धरून बसले होते. लिहिणं म्हणजे आपल्याला जे सांगायचंय ते समोरच्यापर्यंत पोचवणं, हे त्या पोराला सातव्या वर्षी समजलं होतं.

म्हणून तिन्ही शाळांत दुसरीच्या चार-पाच वह्या बघू द्या म्हणा. सगळ्या सारख्या असतील तर सावध व्हा. चुका असतील, खाडाखोड असेल आणि शिक्षकाने त्यावर काही लिहिलं असेल तर ते चांगलं लक्षण. कुणी वही दाखवायलाच तयार नसेल तर तेही एक उत्तरच.

जमलं तर वाचन ऐका. ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून हेच करते: मुलाच्या हातात एक साधा परिच्छेद देते आणि वाच म्हणते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम २७ टक्क्यांना दुसरीचा मजकूर वाचता आला. यात खासगी शाळांची मुलंही आहेत. शिक्षकांची परवानगी घेऊन तिसरीतल्या एखाद्या मुलाला दुसरीच्या पुस्तकाचं मधलंच पान उघडून द्या. पहिला धडा नको, तो पाठ असतो. वाचून झाल्यावर विचारा, ‘काय झालं रे यात?’

माध्यमाबद्दल मी तटस्थ नाही, कारण ते घरात भोगलंय. माझ्या मुलाला मी स्वतः शिक्षिका असून भीतीपोटी इंग्रजी शाळेत घातलं होतं. वर्गात मराठी बोलायची बंदी. पहिल्या सत्रात तो आठवड्यातून दोनदा तरी चड्डी ओली करून घरी यायचा. मला वाटलं, आजारी आहे. एका रात्री अंगाशी झोपून म्हणाला, ‘आई, शू ला जायचं इंग्लिशमध्ये विसरतो.’ दुसरी संपल्यावर त्याला अनुदानित मराठी शाळेत आणलं. महिनाभरात घरी येऊन बडबड करायला लागला. ती दोन वर्षं मी त्याला परत देऊ शकत नाही.

घरात इंग्रजी बोलत असाल तर गोष्ट वेगळी. नसाल तर मूल एकाच वेळी अनोळखी भाषा आणि अनोळखी अक्षरं, दोन्हीशी झगडतं. आणि मराठी माध्यमात इंग्रजी येत नाही ही समजूत जुनी झाली, आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इंग्रजी शाळाच घ्यायची ठरली तर एवढं नक्की विचारा: मूल वर्गात मराठीत बोललं तर काय करता? उत्तर देताना बाईंचा चेहरा बघा.

जिल्हा परिषदेची शाळा आहे म्हणून चांगली किंवा वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि तुमच्याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेचं नाव २०२५ मध्ये जगभर झालं. दोन्ही जिल्हा परिषदेच्याच. पण तुमची मुलगी घरामागच्या शाळेत जाणार आहे, तेव्हा तीच पारखा. कायद्याने ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. मंजूर पदं किती आणि भरलेली किती, ते मुख्याध्यापकांना विचारा. चाकणसारख्या ठिकाणी कामगारांची मुलं येऊन पट फुगतो, एका वर्गात साठ-साठ मुलं बसतात, आणि त्यात मराठवाड्याची, बिहारची, उत्तर प्रदेशची पोरं असतात. साठांचा वर्ग असेल तर कितीही चांगले गुरुजी थकतात. मुलं मात्र वेगवेगळ्या भाषांची असली म्हणून बिचकू नका. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली तो वर्ग फार श्रीमंत असतो.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात, त्यातल्या एखाद्या आईला गाठून बोला. मुलींच्या स्वच्छतागृहात स्वतः जा आणि नळ उघडून बघा. पाणी नसलं की मुली सकाळपासून पाणी प्यायच्या बंद होतात, हे कुठल्याच अहवालात येत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, तक्रारपेटी कुणाच्या नजरेच्या टप्प्यात टांगली आहे, स्कूलबसमध्ये बाई असते का, हेही विचारा. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर हे प्रश्न विचारायला कुणी संकोचू नये.

आरटीई. तुम्ही वंचित घटकात येत असाल तर उत्पन्नाची अट नाही. खुल्या गटासाठी वार्षिक १ लाखाच्या आतलं उत्पन्न लागतं, तेव्हा कंपनीच्या पगारावर ते बसतं का बघा. प्रवेश सोडतीने होतात आणि घर शाळेपासून किती अंतरावर आहे याला फार महत्त्व आहे. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण नीट करा, चुकीच्या खुणेपायी सोडतीत लागलेले प्रवेश पडताळणीत रद्द झालेले मी पाहिलेत. एका मुलाचे दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होतात. अल्पसंख्याक शाळांना या २५ टक्के जागा लागू नाहीत. २०२४ मध्ये शासनाने, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट, असा नियम आणला होता, तो उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही: ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी सुरू होते, त्याची तजवीज आजच मनात धरा.

तुमच्या जागी मी असते तर अनुदानित शाळेचा फॉर्म या आठवड्यातच आणला असता, कारण तिथल्या जागा हिवाळ्यातच भरतात. जिल्हा परिषदेची शाळा थांबते. गुढीपाडव्याला तर गुरुजी स्वतः घरोघरी फिरतात, आणि सत्र सुरू झाल्यावरही ती प्रवेश नाकारू शकत नाही. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा: ‘जूनला पहिलीचा वर्ग कुणाकडे आहे?’ मग त्या बाईंच्या किंवा गुरुजींच्या आत्ताच्या वर्गात अर्धा तास मागे बसा. या तीन शाळांमधला माझा निर्णय त्या अर्ध्या तासावर झाला असता. आरटीई भरायचं असेल तर मात्र भाडेकरार नोंदणीकृत आहे का ते आज रात्रीच काढून बघा. नुसत्या स्टॅम्पपेपरवरचा करार चालत नाही, आणि अर्ज सुरू झाल्यानंतरच्या तारखेचा करारही धरत नाहीत.