‘25 हजार भरा, सीट ब्लॉक करा’: बीबीएबद्दल एका वडिलांना उत्तर

पत्र: माझं बार्शीत कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बारावी सायन्सला 71 टक्के मिळवून पास झाली, ग्रुप पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). मेडिकलसाठीची ‘नीट’ परीक्षा दिली, पण नंबर लागण्यासारखे मार्क नाहीत. राज्याची प्रवेश परीक्षा एमएचटी-सीईटीही दिली आहे. आता मात्र ती बीबीएच, म्हणजे व्यवस्थापनाची पदवीच, करायचं म्हणते. पुण्याच्या एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतो, की जागा संपत आल्यात, 25 हजार भरून सीट ब्लॉक करा. फी वर्षाला अडीच लाख, होस्टेल-मेस वेगळं. मेव्हणे म्हणतात, ज्याला काही जमत नाही तो बीबीए करतो, त्यापेक्षा इथेच बी.कॉम. करू दे. धाकटा मुलगा अजून सातवीत आहे. दुकान पुढे मुलीनेच बघावं, अशी माझी इच्छा आहे. 14 लाख उधारीत अडकलेत, त्यामुळे पैसा घालायचा तर विचार करून घालावा लागेल. आम्ही ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. काय करावं?

स.न.वि.वि.

आधी त्या फोनचा निकाल लावू, कारण तो उद्याही येणार आहे. 25 हजार भरू नका. पलीकडच्या माणसाचं पद बहुतेक ‘ॲडमिशन कौन्सेलर’ असेल, म्हणजे पाटीवर तो आणि मी एकाच धंद्यातले. फरक इतकाच, की त्याला महिन्याचं टार्गेट असतं.

जागा संपत आल्या यावर तर विश्वास ठेवू नका. 2024-25 पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी सेलची (प्रवेश परीक्षा कक्षाची) परीक्षा सुरू झाली. 2024 च्या मे महिन्यात पहिली परीक्षा झाली, पण अनेक मुलांना ती असते हेच ठाऊक नव्हतं. जागा इतक्या उरल्या, की ऑगस्टमध्ये अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. 2025 मध्येही जुलैत अतिरिक्त परीक्षा झाली. तुमची मुलगी नीटच्या मागे असल्यामुळे तिने ही सीईटी दिली नसणार. तेव्हा यंदाही अतिरिक्त परीक्षा आहे का, याची सूचना सीईटी सेलच्या संकेतस्थळावर रोज पाहत राहा. फॉर्म भरायला मिळणारे दिवस थोडे असतात.

हे उत्तर पोचेपर्यंत पैसे भरून झाले असतील, तरी घाबरू नका. यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) फी परतीचं धोरण खासगी विद्यापीठांनाही लागू आहे. 2024-25 साठी 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत आणि 31 ऑक्टोबरपर्यंत रद्द केला तर जास्तीत जास्त 1000 रुपये कापून परत, असा नियम होता. यंदाच्या तारखा पाहून घ्या आणि अर्ज लेखी द्या. मूळ दाखला, मार्कशीट मात्र कुणाकडे ठेवून येऊ नका. त्या अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे, तरी ऐन वेळी भांडत बसायला वेळ कुणाला असतो?

आता खर्च. अडीच लाखाने तीन वर्षांचे साडेसात लाख. होस्टेल-मेस वर्षाला सव्वा लाख धरलं तरी पावणेचार लाख. म्हणजे सव्वा अकरा लाख. साध्या बीबीएनंतर पुण्यात पहिली नोकरी माझ्या पाहण्यात बहुधा महिना 18 ते 25 हजारांची लागते, आणि हुशार मुलं दोन-तीन वर्षांत एमबीएकडे वळतात. तेव्हा पुन्हा मोठी फी येते. मोठा पैसा एकदाच घालायचा असेल तर तो त्या वेळेसाठी राखून ठेवावा असं मी स्पष्ट सांगतो. आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएसाठी जी कॅट परीक्षा असते, तिला बसायला कुठलीही पदवी 50 टक्क्यांनी चालते, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना 45. पदवी कुठल्या कॅम्पसमध्ये घेतली, हे तिथे पात्रतेत विचारत नाहीत.

शिवाय तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती त्या फोनवरचा माणूस सांगणार नाही. राज्य सरकारने 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. अट अशी, की प्रवेश सरकारी कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला ही माफी नाही आणि खासगी व अभिमत विद्यापीठं तिच्यातून वगळलेली आहेत. म्हणजे त्या विद्यापीठात तुम्ही अडीच लाख भरणार, आणि कॅपमधून साध्या संलग्न कॉलेजात प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्काचा भार बहुतांशी उतरणार. प्रवेश घेताना कॉलेजच्या कार्यालयात ‘हा कोर्स महाडीबीटीच्या (शिष्यवृत्ती आणि फी माफीच्या सरकारी पोर्टलच्या) यादीत आहे का’ एवढं नक्की विचारा. कारण सीईटी आली तशी बऱ्याच कॉलेजांनी नावंच बदलली. मुंबईत कित्येक ठिकाणी बीएमएसचं बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज झालं. शिकवतात जवळपास तेच, सीईटी लागत नाही, पण मग तो व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या यादीत राहतोच असं नाही.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य मात्र फीचं नाही, दुकानाचं आहे.

दुकान मुलीने बघावं असं तुम्हाला वाटतं. तर परवान्याचा विचार केलात का? 2017 च्या दुरुस्तीनंतर कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी कृषी, जैवतंत्रज्ञान किंवा जीवशास्त्राची पदवी, रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्रापैकी विषय असलेली बी.एस्सी., नाहीतर कृषीची पदविका लागते. खताच्या परवान्यालाही कृषी किंवा रसायनशास्त्राची अट आहे. ही अट बीबीएने पूर्ण होत नाही आणि बी.कॉम.नेही होत नाही. तुमच्यासारख्या जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेचा देसी डिप्लोमा आहे, आठवड्यातून एक दिवस, 48 आठवडे. तुम्ही तो केलाही असेल. मुलगी बीबीए करून आली तर परवान्यासाठी तिलाही असंच काहीतरी वेगळं करावं लागेल. ते अशक्य नाही, पण तीन वर्षं शिकून आलेल्या मुलीला काउंटरमागे बसण्यासाठी आणखी एक कागद लागणार, हे आजच माहीत असलेलं बरं.

म्हणून विचारतो, एमएचटी-सीईटी पीसीबीमधून दिलीच आहे, तर कृषीच्या प्रवेशाचा फॉर्म का भरत नाही? राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांच्या कॉलेजांचे प्रवेश त्याच सीईटीवर होतात. त्यात बी.एस्सी. ॲग्रीबरोबर कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा चार वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. तिला मॅनेजमेंटची ओढ असेल आणि तुमच्या मनात दुकान असेल, तर दोघांचंही ज्यात भागतं असा हाच एक रस्ता मला दिसतो. पुढे ॲग्री-बिझनेसमध्ये एमबीएसारखं काही करायचं म्हटलं तर ‘मॅनेज’ आहे, पुण्यात वैकुंठ मेहता संस्था आहे, अहमदाबादच्या आयआयएमचा अन्न आणि कृषी व्यवसायाचा वेगळा अभ्यासक्रम आहे. बियाणं-खत कंपन्यांचे जे सेल्स ऑफिसर तुमच्या दुकानात येऊन लिक्विडेशन किती झालं, म्हणजे माल किती खपला, म्हणून विचारतात, त्यांतले बरेच ॲग्री झालेले असतात. एकदा त्यांनाच विचारून बघा.

पण ही सगळी तुमची गरज झाली. तिला दुकानात यायचं आहे का, हे पत्रात कुठेच नाही. बीबीए ती का म्हणते, हेही नाही. नीटचा निकाल लागल्यावर आठ दिवसांत ‘बीबीए’ म्हणणारी मुलं माझ्याकडे खूप येतात. त्यातल्या काहींना खरोखर धंद्यात रस असतो आणि काहींना फक्त फिजिक्स-केमिस्ट्रीपासून सुटका हवी असते. दोन्ही कारणं माणसाला शोभणारीच आहेत, पण दुसऱ्या कारणाने आलेलं मूल पहिल्या सेमिस्टरच्या अकाउंट्समध्ये अडकतं.

ओळखायचं कसं? हंगाम चालूच आहे. तिला पंधरा दिवस दुकानात बसवा, पण गल्ल्यावर किंवा खतविक्रीच्या पॉस मशीनवर अंगठे घ्यायला नको. उधारीची वही तिच्या हातात द्या आणि सांगा, की 14 लाखांपैकी किती रक्कम तीन महिन्यांच्या आतली, किती सहा महिन्यांची, किती वर्षापलीकडची, ते वेगळं काढ. मग तिला तुमच्या बँकेच्या कॅश क्रेडिटचा व्याजदर सांगा. समजा साडेदहा टक्के आहे आणि माल जूनमध्ये जाऊन पैसे सोयाबीन-तूर निघाल्यावर, सरासरी आठ महिन्यांनी येतात. 14 लाखांवर आठ महिन्यांचं व्याज होतं 98 हजार. कंपनी रोखीवर जी सूट देते ती हुकली, ती त्यात धरलेली नाही. आता तिला विचारा, की हे 98 हजार भावात कुठे भरून निघतात आणि कुणाची उधारी पुढच्या हंगामात बंद करायची? वर्गात याच गोष्टीला वर्किंग कॅपिटल मॅनेजमेंट म्हणून शिकवतात. वही घेऊन ती रात्री जेवताना तुमच्याशी वाद घालायला लागली, अमक्याला का देता आणि तमक्याला का नाही म्हणून, तर तिला बीबीए खुशाल करू द्या, मेव्हणे काही का म्हणेनात. चौथ्या दिवशी वही बाजूला पडून मोबाईल हातात आला, तर थोडं थांबा आणि पुन्हा बोला.

मेव्हण्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. बीबीएत मार्केटिंग, मनुष्यबळ, फायनान्स, व्यवसाय कायदा, संख्याशास्त्र असं सगळं थोडं थोडं असतं. बी.कॉम.मध्ये अकाउंट्स, कॉस्टिंग, ऑडिट, टॅक्स जास्त खोल जातं. त्यामुळे तीन वर्षं नुसते पीपीटी करून बाहेर पडलेल्या बीबीएवाल्याला मुलाखतीत जीएसटीचं साधं बिल वाचता येत नाही, हे मी पाहिलेलं आहे. उलट चांगल्या कॉलेजात प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन, कंपनीतलं काम यांमुळे मुलगी बोलायला-मांडायला शिकते, ते बी.कॉम.च्या मोठ्या वर्गात क्वचितच होतं. सीए करायचं असेल तर बी.कॉम. किंवा थेट फाउंडेशन. सायन्सच्या मुलांनाही ते देता येतं. बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षांना दोन्ही पदव्या सारख्याच.

एक गंमत सांगतो. 2024 च्या बीबीए सीईटीत 100 प्रश्नांपैकी 40 इंग्रजीचे, 30 तर्कशक्तीचे, 15 सामान्य ज्ञानाचे आणि 15 संगणकाचे होते. वेळ 90 मिनिटं, चुकीला मार्क वजा नाहीत. हिशेबाचा वेगळा भागच नव्हता, आणि आत गेल्या गेल्या समोर येतात ते डेबिट-क्रेडिट आणि स्टॅटिस्टिक्स! तिच्याकडे अकाउंट्सचा पाया नाही. तेव्हा कॉलेज सुरू होईपर्यंत तुमच्या दुकानाचं टॅली जो लिहितो त्याच्याजवळ तिला रोज तासभर बसू द्या. क्लासची फीही वाचेल. इंग्रजीसाठी रोज एका इंग्रजी अर्थविषयक वृत्तपत्राचं एक पान पुरे आहे, पण मोठ्याने वाचलं पाहिजे.

कॉलेज निवडताना ‘100 टक्के प्लेसमेंट असिस्टन्स’ या शब्दांवर जाऊ नका. असिस्टन्स म्हणजे मदत, नोकरी नव्हे. गेल्या वर्षीच्या बॅचमधल्या दहा मुलांना कुठल्या कंपनीत, कुठल्या पदावर घेतलं, ते विचारा. ‘बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह’ असं उत्तर आलं तर काम फोनवरून विक्रीचं आहे का, तेही विचारा. पुष्कळदा तसंच असतं. पुण्यात बीएमसीसी, एमएमसीसी यांसारख्या जुन्या कॉमर्स कॉलेजांत बीबीए आहे. ध्यानात ठेवा, कॉलेज अनुदानित असलं तरी तिथला बीबीए बहुधा विनाअनुदानित असतो, म्हणून फी त्याच इमारतीतल्या बी.कॉम.पेक्षा जास्त दिसेल. सोलापूरचा पर्यायही टाकून देऊ नका. तिथून बार्शीला घरी येणं-जाणं होतं आणि खोलीचा खर्च पुण्याच्या मानाने बराच कमी.

नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष, ऑनर्स वगैरे, याचा विचार आत्ता नको. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बघता येईल.

तर माझा सल्ला असा. कृषीचा कॅप फॉर्म भरा आणि बीबीएची अतिरिक्त सीईटीही देऊ द्या. दोन्ही याद्या हातात आल्यावर ठरवा. दुकान खरंच तिलाही हवं असेल तर कृषी व्यवसाय व्यवस्थापन आधी. दुकान फक्त तुम्हाला हवं असेल आणि वहीच्या परीक्षेत ती उतरली, तर कॅपमधून बीबीए. खासगी विद्यापीठ दोन्ही बाबतींत नको, निदान अडीच लाखांना तरी नको.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमी लेयर यांची मुदत आजच तपासा. संपली असेल तर सेतूत अर्ज टाका, कारण प्रवेशाच्या दिवसांत तिथे गर्दी असते आणि पोर्टलही बंद पडतं. आणि पुढचं पत्र तिला लिहायला सांगा, वहीतले आकडे घालून.